काविळीचं पातेलं

त्या रविवारी पातेलं नेहमीसारखंच साडेअकराला गॅसवर चढलं. आमच्या घरातलं घड्याळ अधूनमधून झोपा काढतं, पातेलं कधी नाही. अठरा लिटरचं, जाड बुडाचं आणि एका कानाचं. पूर्वी ते खाली आमच्या औषधांच्या दुकानात बाटल्या उकळायला होतं. गेली तीस वर्षं त्यात आम्ही प्यायचं पाणी उकळतो. वीस मिनिटं खळाखळा, वर झाकण, मग फडक्यातून गाळून जगमध्ये. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही आमच्याकडे तेच मिळतं, आणि स्वतःच नीट केलेल्या नळाकडे बघत त्याला ते निमूट प्यावं लागतं.

पोरं त्याला काकाचं पाणी म्हणतात. काका म्हणजे आमचा सगळ्यात धाकटा भाऊ, भुंगा. सतत काहीतरी गुणगुणायचा म्हणून भुंगा. तो छत्तिसाव्या वर्षी गेला तेव्हा दादानं दारात उभं राहून येईल त्याला सांगितलं, "कावीळ झाली. पाणी बाधलं." भेटायला आलेल्या पहिल्याच शेजारणीपुढे वहिनीनं पेला धरला, तर बाईनं आत असं डोकावून बघितलं, जणू तळाशी कावीळ पाय सोडून बसली आहे. "उकळलेलं आहे," दादा म्हणाला. नव्हतं. पण दुसऱ्या दिवसापासून उकळायला लागलं.

भुंगा काविळीनं गेला नव्हता, एड्सनं गेला होता. हे घरात फक्त दादाला आणि मला माहीत होतं. असं आपलं मला तीस वर्षं वाटत होतं.

तर त्या रविवारची सभा बोलावली होती नर्सनं. नर्स म्हणजे दादाची नात, वकिलाची मुलगी. सत्तावीस वर्षांची, बुटकी, आणि चालताना असं वाटावं की पुढे भिंत आहे हे तिला मान्यच नाही. ती एका जुन्या गाडीत काम करायची. गाडी गॅरेजच्या आवारात उभी असायची. तिच्या एका दारातून लोक आत जायचे, एचआयव्हीची तपासणी करून घ्यायचे, महिन्याच्या गोळ्या न्यायचे, कंडोम न्यायचे. नशेची सुई टोचून घेणारे वापरलेल्या सुया डब्यात टाकून नव्या न्यायचे. संध्याकाळी सात वाजेपर्यंत. दोनशे बारा माणसं त्या गाडीच्या जिवावर गोळ्या घेत होती. आता गॅरेजवाल्याला आवार हवं होतं, महिनाअखेर.

नर्सला आमच्या दुकानाची मागची खोली हवी होती. दादानं औषधांचं दुकान तीन वर्षांपूर्वी बंद केलं, हात थरथरायला लागला तेव्हा. मागच्या खोलीला गल्लीत उघडणारी एक खिडकी आहे. भुंगा शेवटचं वर्षभर तिथेच झोपून होता. तो गेल्यावर त्या खोलीत रिकामी खोकी राहायला आली ती आजतागायत.

जागेचे मालक चौघं. दादा, मी, आमची धाकटी बहीण हेडबाई, आणि वकील, कारण भुंग्यानं आपला हिस्सा पुतण्याच्या नावे केला होता. नगरपालिकेच्या आरोग्य समितीला चौघांच्या सह्या सोमवारी पाचच्या आत हव्या होत्या. नाहीतर सगळं काम मोठ्या इस्पितळात हलणार होतं.

"मोठं इस्पितळ काय वाईट आहे?" हेडबाईनं आल्याआल्या, पर्स खुर्चीला अडकवायच्या आधी विचारलं. ती चौतीस वर्षं समोरच्याच शाळेची मुख्याध्यापिका होती. अजूनही कुठल्याही खोलीत शिरली की आधी सगळ्यांची नखं बघते.

"हेडआजी, तिथली खिडकी आठवड्यातून तीन दिवस उघडी. दहा ते बारा. तळघरात, शवागाराच्या शेजारून वाट."

"म्हणजे एका फेरीत दोन्ही कामं," वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली.

वहिनी अशीच. दिवसभर गप्प असते, आणि बोलते तेव्हा ऐकणाऱ्याला हातातलं भांडं सावरून धरावं लागतं.

नर्सनं नंतर मला सांगितलं, ती दोन दिवस या सभेची तालीम करत होती. गाडीत एक वेल्डर यायचा. सहा वर्षं गोळ्या घेणारा, धिप्पाड. त्याला तिनं दादाच्या जागी बसवलं आणि आपलं भाषण म्हणून दाखवलं. वेल्डर भूमिकेत इतका शिरला की त्यानं तिला हाकलून दिलं, वर दरवाजाही आपटला. मग परत आत येऊन म्हणाला, "सिस्टर, मस्करी बाजूला. इस्पितळात माझा मेव्हणा कारकून आहे. तिथे मी पाऊल टाकणार नाही. तुमची गाडी गेली की माझ्या गोळ्या गेल्या." त्याची बायको निरोगी होती, मुलगी निरोगी होती. त्याच्या रक्तातला विषाणू गोळ्यांनी इतका दबलेला होता की तपासणीत सापडत नव्हता, आणि तोवर तो बायकोलाही लागणार नव्हता. तो माणूस डोळ्यांपुढे घेऊनच नर्स आमच्या जेवणाच्या टेबलाशी आली होती. बटाट्याच्या बाउलशेजारी तिनं संमतीपत्र ठेवलं.

"डाग पडेल," मी म्हटलं.

"कागदाला की घराण्याला?" वहिनी.

वकिलानं कागद दोन बोटांनी उचलला. माझा हा पुतण्या बावन्न वर्षांचा आहे, आणि मेन्यूकार्डसुद्धा शेवटच्या पानापासून वाचतो.

"यात दायित्वाचा उल्लेखच नाही. उद्या त्या खोलीत कुणी चक्कर येऊन पडला तर?"

"बाबा, चक्कर येऊन पडणाऱ्यासाठीच खोली आहे ती."

"आणि भाडेकरू? वरच्या मजल्यावर दातांचा डॉक्टर आहे."

"तो दिवसभर सुयाच टोचतो."

"समोर शाळा आहे," हेडबाई म्हणाली. हा तिचा हुकमाचा पत्ता होता. तिनं तो टेबलावर हात ठेवून टाकला.

"हो ना. शाळेच्या मागच्या भिंतीपाशी मी गेल्या महिन्यात सदतीस सुया उचलल्या, हेडआजी. स्वतःच्या हातांनी. सुया तुमच्या शाळेत आत्ताच येतायत. मला त्या माझ्या डब्यात हव्यात."

"माझ्या वेळी एकही नव्हती."

"तुझ्या वेळी मुलं खडू खायची," वहिनी म्हणाली. "तेही तू कुणाला सांगितलं नाहीस."

हेडबाईनं नर्सकडे वळून वर्गातला आवाज काढला. "फुकट सुया वाटल्या की लोक जास्तच टोचणार. साधा विचार आहे."

"समितीच्या सभापतींनीही हेच विचारलं. मी म्हटलं, साहेब, तुमच्या कचेरीत अठ्ठावीस खुर्च्या आहेत, म्हणून कुणी बसून काम करायला लागलंय का?"

"असं म्हणालीस?" वकील घाबरून म्हणाला.

"म्हणून तर सोमवारी पाचची मुदत दिलीय. आधी शुक्रवार होता, तो मी त्यांच्या दारात दोन दिवस बसून सोमवार केला."

 त्र्याऐंशी वर्षांचा दादा टेबलाच्या टोकाला बसून काकडीच्या चकत्या एकावर एक रचत होता, गोळ्यांची पाकिटं रचायचा तशा. आतून पातेल्याचं झाकण थडथडायला लागलं होतं.

"मत घेऊ या," हेडबाई म्हणाली. "माझं नाही."

"माझंही," वकील म्हणाला, पण मुलीकडे न बघता.

मी वकिलाकडे बघत होते, आणि मला काहीतरी खटकत होतं. हा मुलगा मुलीच्या शब्दाबाहेर नाही. तिनं मागितलं असतं तर त्यानं स्वतःच्या कचेरीत सुया वाटल्या असत्या, पावती घेऊन. त्याच्या मनात काय होतं ते त्यानं पुढे आठवड्यानं मला फोनवर सांगितलं. त्याला वाटत होतं, खोली दिली की लोक विचारणार, याच घरानं का दिली? मग कुणीतरी भुंगाकाकाचा विषय काढणार. आणि बाबांना, म्हणजे दादाला, या वयात ते झेपणार नाही. वकील बावीस वर्षांचा असताना दादानंच त्याला प्रयोगशाळेतून एक बंद पाकीट आणायला पाठवलं होतं. त्यानं ते वाटेत चहाच्या टपरीवर किटलीच्या वाफेवर उघडलं, वाचलं, खळ लावून पुन्हा चिकटवलं आणि बापाच्या हातात दिलं. तीस वर्षं तो बापापासून बापाचंच गुपित लपवत होता.

तेव्हा हे मला ठाऊक नव्हतं. मी आपली हेडबाईला सांभाळत होते. भुंगा तिचा जीव की प्राण. तिनं त्याला अंगाखांद्यावर वाढवलेला. तिला खरं कळलं तर ती कोसळेल म्हणून मीही नाही म्हणायच्या बेतात होते. तोंड उघडलंच होतं.

"माझं मत..." मी म्हटलं.

"ताई, तू नको बोलूस," हेडबाई घाईनं म्हणाली. "तुला त्रास होईल."

"मला कसला त्रास?"

"काही नाही. रक्तदाब."

"माझा रक्तदाब तुझ्यापेक्षा बरा आहे."

"विषय वाढवू नकोस म्हणते ना!"

तिचे डोळे भरले होते. हेडबाईचे डोळे मी त्याआधी एकदाच भरलेले बघितले होते. मी तिच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे, आणि सत्तर वर्षं एकमेकींची वेणी घातलेल्या दोन बहिणींना जे दोन सेकंदांत कळतं ते आम्हाला तीस वर्षांनी कळलं.

"तुला माहीत आहे," मी म्हटलं.

"काय?"

"हेच. कावीळ."

"तुला माहीत आहे?" ती म्हणाली. "मी तर तुझ्यासाठी इतकी वर्षं... अगं, माझ्या घरीसुद्धा पाणी उकळते मी! तू कधीही येशील म्हणून!"

"कशाबद्दल बोलताय?" वकिलानं विचारलं, पण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. बारा वर्षांचा असताना खोटं बोलायचा तेव्हाही तिथेच लाल व्हायचा.

तेवढ्यात वहिनी हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

"पुरे झालं," ती म्हणाली. "वर्षभर त्याच्या चादरी मी बदलल्या. तोंड आलेलं मी बघितलं. अंगावरचे डाग मी बघितले. डॉक्टर दारातून आत यायचा नाही, उंबऱ्यावरूनच 'कसं वाटतंय' विचारायचा, जणू भुंगा पलीकडच्या काठावर आहे. आणि यांनी मला येऊन सांगितलं, कावीळ. मी म्हटलं, बरं. एकतीस किलोचा झालेला माणूस उचलत होते मी, आणि म्हणत होते, बरं, कावीळ."

"तू कधी बोलली नाहीस," दादा म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं पहिलं वाक्य.

"तुम्ही कुठे विचारलंत? पाणी उकळ म्हणालात. उकळलं."

वकिलानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "मला पाकिटावरून कळलं होतं," तो टेबलाला म्हणाला.

मग सगळ्यांनी एकदम नर्सकडे बघितलं. काही झालं तरी घरातलं लेकरू. ती भुंगा गेल्यानंतर तीन वर्षांनी जन्मलेली.

नर्स बटाटा खात होती. तिनं शांतपणे घास संपवला.

"दुसऱ्या वर्षाला होते तेव्हापासून माहितीये मला," ती म्हणाली. "वर्गात लक्षणं शिकवत होते. मी वहीत लिहीत होते आणि मला वाटलं, अरे, हे तर आमच्या घरात काविळीला म्हणतात ते. मी कुणाला बोलले नाही. म्हटलं, बिचाऱ्यांना माहीत नसेल."

कोण आधी हसलं मला आठवत नाही. बहुतेक हेडबाई, नाकातून. सहा माणसं, सहाही जणांना ठाऊक, आणि सहाही जण एकमेकांच्या काळजीपोटी तीस वर्षं गॅस जाळत बसलेले.

"आणि एक," नर्स म्हणाली. "तुम्ही सगळे औषधवाल्याच्या घरातले, म्हणून सांगते. काकाआजोबांना कावीळ झालीही असेल. सुईतून लागणारी कावीळ असते. पण ती पाण्यातून येत नाही. तीस वर्षं तुम्ही चुकीच्या काविळीसाठी पाणी उकळताय."

वहिनी आत गेली. गॅसचं बटण फिरल्याचा आवाज आला. झाकणाची थडथड हळूहळू थांबली, आणि मला वाटलं, झालं. आता सह्या होतील, काकड्या संपतील, आणि सगळे आपापल्या घरी जातील. वकिलानं खिशातून पेन काढलंसुद्धा. हेडबाईनं चष्मा चढवला.

"मी सही करणार नाही," दादा म्हणाला.

तो हसलेला नव्हता. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"बाबा, आता काय लपवायचं राहिलंय?" वकील म्हणाला. काही क्षणांपूर्वीचा विरोधक आता मुलीच्या बाजूला खुर्ची सरकवून बसला होता.

"लपवायचं नाही. सही नाही."

"आजोबा, कारण तरी सांगा," नर्स म्हणाली. आता तिचा आवाज बदलला होता. "मी समितीपुढे सहा वेळा गेलेय. तिथे माझ्या प्रश्नाला उत्तर म्हणून चहा देतात. तुम्ही निदान भांडा."

दादानं माझ्याकडे बघितलं. त्यानं बघितलं आणि मला कळलं, की काविळीच्या मागे अजून एक गोष्ट आहे, आणि ती मात्र खरोखरच आम्हा दोघांनाच ठाऊक आहे.

मी सांगितली. त्यानं सांगितली असती तर त्यानं स्वतःचाच भाग सांगितला असता.

भुंगा जायच्या आठ वर्षं आधीची गोष्ट. दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नाही. मी काउंटरमागे स्टुलावर बसले होते. तेव्हा मी दुकानातच असायचे. भुंगा आला. कडक ऊन, आणि याच्या शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटण लावलेल्या. तो टोचून घेतो हे तोवर आम्हाला कळलं होतं. आम्ही त्याला संगत म्हणत होतो.

"दादा, एक सिरिंज दे," तो म्हणाला. "नवी."

काउंटरवर दादाच्या अक्षरातली पाटी होती: चिठ्ठीशिवाय सिरिंज मिळणार नाही. दादानं पाटीकडे बोट दाखवलं.

"तुला माहितीये मला कशाला हवीय."

"म्हणून तर देत नाही. चिठ्ठी आण, गाढवा."

भुंगा हसला. त्याला राग यायचाच नाही. "डॉक्टर लिहून देईल का रे? 'दिवसातून दोनदा, जेवणानंतर'?" असं म्हणाला आणि गुणगुणत गेला.

शंभर सिरिंजांचं खोकं माझ्या मागच्या फळीवर होतं. माझी पाठ त्याला टेकलेली होती. एक काढून, दादाची नजर चुकवून, दारापर्यंत जायला मला दहा पावलं लागली असती. मी पाठ हलवली नाही.

 टेबलावरचे बटाटे गार होत होते.

"मागच्या गल्लीत पाच जण एक सुई वापरायचे," दादा म्हणाला. "त्यानं शेवटी शेवटी सांगितलं मला. उकळून घ्यायचे म्हणे, चहाच्या भांड्यात." थोडं थांबून म्हणाला, "कधी उकळायचे. कधी घाई असायची."

वहिनी दाराला टेकली.

"मला वाटलं, दिली नाही तर टोचणार नाही," दादा म्हणाला. मग नातीकडे वळला. हा माणूस आयुष्यभर काउंटरच्या आतल्या बाजूला उभा राहिला होता. त्या दिवशी तो पहिल्यांदाच बाहेरच्या बाजूला उभा असल्यासारखा दिसत होता. "तू शिकलेली आहेस. तू सांग. एका सिरिंजनं काय फरक पडला असता?"

नर्सच्या मनात तेव्हा काय चाललं होतं ते तिनंच नंतर सांगितलं म्हणून मला माहीत आहे. तिच्या जिभेवर वाक्य तयार होतं. रोज पन्नास जणांना ती ते म्हणायची: तुमचा दोष नाही. एक सिरिंज काय, त्यानं दुसरीकडून आणली असती, नसती आणली, कोण सांगणार. आजोबांना एवढंच ऐकायचं होतं. ते ऐकवलं असतं तर त्यांनी कदाचित सहीही केली असती. पण तिला समिती दिसत होती. सभापतींनी सहाच्या सहा वेळा तिला हेच विचारलं होतं: एका सुईनं काय फरक पडतो?

"पडला असता," ती म्हणाली.

"पोरी!" हेडबाई ओरडली.

"नाही, हेडआजी. काय सांगू मी त्यांना? नसता पडला म्हणू? आजोबा, फरक पडतो, म्हणून तर मी दोन दिवस त्या माणसाच्या दारात बसले. पडत नसता तर मी आज घरी झोपले असते." तिचा आवाज फाटला होता, पण ती थांबली नाही. "दर वेळी नवी मिळाली असती तर त्याला कदाचित विषाणू लागलाच नसता. तो टोचत राहिला असता, तुम्ही शिव्या देत राहिला असता, आणि आज तो सहासष्ट वर्षांचा नशेडी म्हातारा या खुर्चीत बसून माझा बटाटा पळवत असता. किंवा सुटलाही असता. माझ्याकडे सुई बदलायला येणारे नऊ जण गेल्या वर्षी सुटले. जिवंत होते म्हणून सुटले. मेलेला माणूस व्यसन सोडत नाही, आजोबा."

कुणीतरी तिला गप्प करायला हवं होतं. कुणी केलं नाही.

 दादानं रचलेल्या काकड्यांतली वरची चकती उचलून खाल्ली.

"तीस वर्षं," तो म्हणाला, "ही ताई मला म्हणते, तुझा दोष नाही. दर वर्षी म्हणते. मला दर वर्षी वाटतं, हिला हाकलून द्यावं."

"मग द्यायचं होतंस," मी म्हटलं. "मीही त्याच वाक्याची वाट बघत बसले होते. मला वाटलं, तू मला म्हणशील कधीतरी, की तुझाही दोष नाही."

"तुझा होता," दादा म्हणाला. "दहा पावलं तर होती."

आणि काय सांगू, एकोणऐंशी वर्षांच्या बाईनं म्हणायची गोष्ट नाही, पण मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

"पाणी," दादा म्हणाला.

वहिनीनं आत बघितलं. "उकळलेलं संपलं. पातेल्यातलं अर्धवट राहिलंय."

"नळाचं दे."

तिनं पेला नळाखाली धरला, भरला आणि त्याच्यापुढे ठेवला. आम्ही सगळे त्या पेल्याकडे बघत होतो. दादानं एका दमात पाणी संपवलं, तोंड पुसलं आणि म्हणाला, "क्लोरीन जास्त आहे. नगरपालिकेला कळवा." मग त्यानं वकिलाच्या हातातलं पेन घेतलं. हात इतका थरथरत होता की सही गांडुळासारखी आली. वकील म्हणाला, बाबा, जुळणार नाही, अंगठा द्या. दादा म्हणाला, अंगठा तुझ्या अशिलांचा घे. मग वकिलानं सही केली, मग हेडबाईनं, खाली दोन रेघा मारून, जणू आम्हा सगळ्यांना पास केलंय. माझ्या सहीपर्यंत कागदावर बटाट्याचा डाग पडलाच होता.

सोमवारी पावणेपाचला कागद पोचला. मंगळवारी समितीनं मंजुरी दिली. सभापतींनी म्हणे भाषण केलं, की ही कल्पना त्यांचीच. नर्सनं टाळ्या वाजवल्या.

पंधरा दिवसांत खोकी निघाली, भिंती रंगल्या, गल्लीकडच्या खिडकीला नवी चौकट आली. पहिल्या दिवशी वेल्डर सगळ्यांत आधी आला, खिडकीचा गज हलवून बघितला आणि म्हणाला, "वेल्डिंग भिकार आहे." दुपारी मशीन आणून त्यानंच ते नीट केलं, आणि जाताना महिन्याच्या गोळ्या घेऊन गेला.

पातेलं वहिनीनं खाली नेलं. एका कानाला धरून, ओढत, जिन्यावर आवाज करत. खिडकीशेजारच्या स्टुलावर ठेवलं आणि त्यात काठोकाठ कंडोमची पाकिटं भरली. हवी तितकी घ्या, विचारू नका, असं. हेडबाईनं दारातून ते बघितलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "निदान झाकण तरी ठेवा," ती म्हणाली. कुणी ठेवलं नाही.

दादा रोज चारला खिडकीशी बसतो. कुणी त्याला बोलावलं नव्हतं. नर्स म्हणते, तो लोकांना फार ओरडतो. कापूस नीट धरत नाहीस, शीर बदल, तीच तीच टोचून दगड केलीस, तपासणीला परवाच यायचं होतं, कुठे उलथला होतास? लोक त्याच्याच वेळेला येतात.

पहिल्या आठवड्यात एक पोरगा आला. पंचविशीचा असेल. बाह्या मनगटापर्यंत. तो बराच वेळ समोरच्या भिंतीशी उभा राहिला, मग खिडकीशी येऊन खाली बघत काहीतरी पुटपुटला. मी मागे स्टुलावर बसले होते. सिरिंजांचं खोकं माझ्या पाठीशी होतं. मी ते उचललं आणि दादाच्या हाताशी आणून ठेवलं. पावलं तीनच लागली.

दादानं खोकं उघडलं. पोरगा खिसे चाचपायला लागला.

"काय शोधतोस?" दादा म्हणाला.

"चिठ्ठी नाहीये, आजोबा."

"चिठ्ठी लागत नाही, गाढवा," दादा म्हणाला, आणि त्यानं मूठ भरली.